गंजिफ्राकाची कुळकथा

सदऱ्याच्या आंत घालावयाचा गंजिफ्राक घरोघरीं असतो. परंतु त्याचें नांव कोठून आलें याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील समुद्रांत गर्नसी नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथील कोळ्यांच्या विणीव अंगरख्याला इंग्रजींत ‘गर्नसी फ्रॉक’ म्हणत. तोच शब्द समुद्र ओलांडून हिंदुस्थानांत आला आणि मराठी जिभेनें त्याचा गंजिफ्राक केला. नांव टिकलें, पण कापड मात्र पालटलें. मूळचें वस्त्र लोकरीचें होतें. आपलें सुती आहे. जेथें सकाळीं ऊन, दुपारीं पाऊस आणि सायंकाळीं बोचरा वारा, तेथें अंगालगत काय घालावें, या प्रश्नाचा सारा इतिहास या पालटांत सांठलेला आहे.

सोळाव्या शतकांत गर्नसी बेटावर विणकामाचा धंदा भरभराटीस आला. इंग्लंडांतून लोकर आणावी आणि मोजे व अंगरखे विणून बाहेर पाठवावे, असा तो व्यवहार होता. कोळ्याचा अंगरखा घट्ट पिळाच्या धाग्याचा, दाट विणीचा आणि अंगासरसा बसणारा असे. दोरखंडांत अडकेल असें त्याला कांहींच लोंबत नसे. पुढची व मागची बाजू सारखीच असल्यामुळें तो उलटसुलट घालतां येई आणि झीज दोन्हीं बाजूंस वांटली जाई. बाही खांद्यापासून मनगटाकडे विणलेली असे. मनगटाशीं विरली कीं तेवढाच भाग उसवून पुन्हां विणावयाचा. हें शहाणपण पुस्तकांतून आलेलें नव्हतें; ज्यांना भिजल्या अंगानें दिवसभर काम करावें लागे त्यांच्या अनुभवांतून तें आलें होतें.

पुढें एकोणिसाव्या शतकांत विद्वानांनीं या प्रश्नांत लक्ष घातलें. १८८० सालीं स्टुटगार्टच्या गुस्ताव येगर या प्राणिशास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें कीं मनुष्यानें केवळ लोकर वापरावी आणि वनस्पतिजन्य कापड वर्ज्य करावें. १८८४ मध्यें त्याच्या मताचें दुकान लंडनांत निघालें. नाटककार बर्नार्ड शॉ हा त्या लोकरी पोषाखाचा प्रसिद्ध भक्त होता. उलट, १८८८ सालीं लँकेशायरच्या लुइस हॅसलम यानें बारीक छिद्रांचें सुती कापड बाजारांत आणलें. ऊब धाग्यांत नसून धाग्यांमध्यें कोंडलेल्या हवेंत आहे, हें त्याचें सूत्र होतें. १९३३ च्या सुमारास नॉर्वेच्या हेन्रिक ब्रून या लष्करी अधिकाऱ्यानें मासे धरण्याच्या जाळ्याची बंडी करून तेंच सूत्र आणखी पुढें नेलें. अमेरिकन आरमारानें १९१३ मध्यें खलाशांसाठीं स्वीकारलेली सुती बनियन धुण्यास सोपी होती; तीच पुढें टी-शर्ट म्हणून जगभर पसरली.

परंतु सोपें वस्त्र सर्वत्र सुरक्षित असतेंच असें नाहीं. मार्च १९६४ मध्यें इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यांत ‘फोर इन्स’ नांवाची पदयात्रेची स्पर्धा झाली. तेथें हिमनद्या नव्हत्या, उत्तुंग शिखरें नव्हतीं. होता तो पाऊस आणि वारा. तरीहि तीन तरुण गारठून मृत्यु पावले. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेंतील शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनीं या प्रकरणाची चिकित्सा केली. भिजलेल्या कपड्यांत वारा शिरला म्हणजे त्यांची ऊब बहुतांशीं नाहींशी होते आणि थकलेलें शरीर ती तूट भरून काढूं शकत नाहीं, असें त्यांतून स्पष्ट झालें.

याचें कारण धाग्यांच्या स्वभावांत आहे. साधारण दमट हवेंत लोकर आपल्या वजनाच्या शेंकडा १६ भाग ओलावा धरते, सूत सुमारें ८ भाग, तर पॉलिएस्टर अर्धा भागहि धरीत नाहीं. मग लोकर अधिक ओली कां लागत नाहीं? कारण ती ओलावा धाग्याच्या पोटांत घेते आणि कुरळेपणामुळें अंगापासून किंचित् दूर राहते. भिजलें सूत मात्र त्वचेला चिकटतें आणि सुकतांना अंगाचीच ऊब खर्ची घालतें. पॉलिएस्टर लवकर सुकतें, पण घामाचा वास धरून ठेवतें.

म्हणून उकाड्याच्या शहरांत सुती गंजिफ्राक निःसंशय सुखाचा आहे. तेथें सुकतांना मिळणारा गारवाच हवा असतो. परंतु पावसाळ्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर जाणारानें तोच घालून निघणें शहाणपणाचें नव्हे. तेथें पातळ लोकरीची किंवा लवकर सुकणारी बनियन, वरून वारा अडविणारें एक आवरण आणि पिशवींत एक कोरडा जोड असावा. वस्त्र निवडतांना तें कोरडें असतां किती उबदार आहे हें सर्वच पाहतात. भिजल्यावर तें कसें वागेल, हें गर्नसीचा कोळी आधीं पाहत असे.