कंट्रोलला कळवा

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. मी आणि माझा चुलतभाऊ पारव्याहून घाटंजीला येत होतो. एका पुलाअलीकडे मोटारसायकल आडवी पडलेली दिसली, शेजारी चिखलात पाय धरून बसलेला माणूस. मी 112 लावला. फोन लगेच उचलला गेला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘‘आपण नेमके कुठे आहात?’’

मला सांगता येईना. या रस्त्यावरून मी शेकडो वेळा गेलोय. तरी तोंडातून निघालं, ‘‘ते मोठं कडुनिंबाचं झाड आहे ना, त्याच्या पुढे.’’ जणू त्या बाई रोज त्या झाडाखालून जातात! नेट एका कांडीवर, नकाशा उघडेना. शेवटी भावाने फोन हिसकावला आणि ओरडला, ‘‘म्हसोबाच्या नाल्यापाशी, पारव्याकडून येताना!’’ थोड्या वेळाने जिल्ह्याच्या कक्षातून उलट फोन आला. तिथल्या माणसाला म्हसोबाचा नाला माहीत होता. गाडी आली. तो माणूस आज पायात रॉड घालून हिंडतो, बाकी ठणठणीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी ही गोष्ट मामांना सांगितली. मामा पोलिसांच्या बिनतारी विभागात होते आणि निवृत्तीआधीची काही वर्षं एका जिल्ह्याच्या कंट्रोल रूममध्ये पाळीचे प्रमुख. ते म्हणाले, ‘‘तुले इंजिनिअर कोनं केलं बे? पयले जागा सांगावं, मंग काय झालं ते. फोन कटला तर निदान गाडी तरी निघते.’’

तेव्हापासून मी या खोलीचा इतिहास शोधतोय. मी स्वतः पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे ऑन-कॉल नावाचा प्रकार असतो. रात्री तीन वाजता सर्व्हर पडला की फोन वाजतो आणि ज्याची पाळी असेल त्याने उठायचं. मला वाटायचं, मामांची नोकरी म्हणजे हेच. फरक एवढाच, की आमचा सर्व्हर रडत नाही.

कंट्रोल रूम नव्हती तेव्हा बातमी पायी चालायची. आपला जिल्हा 1905 पर्यंत ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जायचा, तेव्हाही आणि नंतर बराच काळही गावात काही घडलं की पाटलाने माणूस ठाण्याकडे पिटाळायचा, हीच रीत. महाराष्ट्रात 1967 च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटलाची कर्तव्यं लिहून काढली, त्यातही ठाण्याला कळवणं आहेच. या पद्धतीत उशीर व्हायचा, पण एक सोय होती. निरोप घेऊन आलेला माणूस समोर उभा असायचा. त्याचा सदरा फाटलाय का, तो प्यायलाय का, कोणत्या भावकीतला आहे, हे ठाणे अंमलदाराला दिसायचं. फोनने आवाज आणला आणि माणूस मागेच ठेवला. पुढचं सगळं त्या आवाजावरून ठरवायचं. कंट्रोल रूमचं खरं काम इथून सुरू होतं.

आणि ते सुरू झालं एका आगीमुळे. 10 नोव्हेंबर 1935 ला लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका डॉक्टरच्या घराला आग लागली, पाच स्त्रिया गेल्या. समोरच्या शेजाऱ्याने अग्निशामक दलासाठी फोन उचलला होता, पण एक्स्चेंजमध्ये त्याचा कॉल इतर कॉल्सच्या रांगेत अडकला. त्याने ‘द टाइम्स’ला पत्र लिहिलं, चौकशी झाली आणि 30 जून 1937 ला लंडनमध्ये 999 सुरू झाला. हा नंबर लागला की ऑपरेटरपुढे भोंगा वाजायचा, लाल दिवा लागायचा. आमच्या भाषेत ही प्रायॉरिटी क्यू. माझ्या कॉलेजात हा विषय एका कंटाळवाण्या तासात उरकला होता. पाच बायका त्या रांगेमुळे गेल्या हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी कदाचित जागा राहिलो असतो.

नंबर कोणता घ्यायचा, हाही तांत्रिक प्रश्न होता. तेव्हाचे फोन तबकडीचे. एक फिरवला की एक ठोका, नऊ फिरवला की नऊ, शून्याला दहा. 111 घेतला असता तर वाऱ्याने तारा एकमेकींना लागल्या तरी फोन लागला असता. त्या हिशेबाने आपला जुना 100 म्हणजे एकवीस ठोके आणि आजचा 112 म्हणजे फक्त चार.

पण नंबर लागणं ही सुरुवात. पुढे खोलीत काय होतं? मामांच्या वर्णनात एक लांब टेबल, वायरलेस सेट, दोन-तीन फोन, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आणि एक जाडजूड रजिस्टर आहे. खोलीतल्या कुणालाच नाव नसतं. बाहेरच्यांसाठी तो फक्त ‘कंट्रोल’. पाळीच्या प्रमुखाने स्वतः फोन घ्यायचे नसतात, हे मला नवीन होतं. तो घेत बसला तर बाकीचं कोण बघणार? त्याने ऐकायचं, कोणती गाडी कुठे अडकलीय ते डोक्यात ठेवायचं आणि दोन ठिकाणांहून एकाच वेळी हाक आली की कुणाला आधी द्यायचं ते ठरवायचं. एकाला ‘थांबा’ म्हणायचं. ‘‘थांबा म्हनलेला आवाज घरी येते,’’ मामा एकदा म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

त्यांचा नियम एकच: वेळ आधी लिहायची, मग बोलायचं. मला हा सरकारी चिकटपणा वाटायचा. 26/11 च्या नोंदींबद्दल वाचेपर्यंत.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री पोलीस आयुक्त हसन गफूर यांनी सहआयुक्त राकेश मारिया यांच्याकडे मुंबईच्या कंट्रोल रूमची सूत्रं दिली. सीएसएमटी, ताज, ओबेरॉय, कामा, नरिमन हाउस. सगळीकडून एकदम आवाज येत होते, त्यांतले काही अफवा. त्या खोलीने त्या रात्री केलेलं एक काम आपल्या सगळ्यांना माहीत आहे, फक्त ते खोलीचं काम म्हणून माहीत नाही. रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्या गाडीवर गोळीबार झाला. अतिरेक्यांनी तीच गाडी पळवली. मागच्या बाजूला सहकाऱ्यांच्या देहांखाली हवालदार अरुण जाधव जखमी पण जिवंत होते. अतिरेकी ती गाडी सोडून स्कोडात गेले, तेव्हा जाधवांनी गाडीतल्याच वायरलेसवरून कंट्रोलला कळवलं. पळवलेल्या स्कोडाची खबर कंट्रोलने पुढे दिली, गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीला ती मिळाली, आणि तिथे तुकाराम ओंबळे उभे होते. ओंबळ्यांचा पुतळा उभा राहिला, आणि राहायलाच हवा. मधल्या साखळीचा पुतळा होत नाही.

पण त्याच रात्रीच्या नोंदींवरून वादही झाला. विनीता कामटे यांनी माहिती अधिकारात कंट्रोल रूमच्या कॉल्सच्या नोंदी मिळवल्या आणि 2009 मध्ये विनीता देशमुखांसोबत ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक लिहिलं. कामा हॉस्पिटलच्या मागच्या बाजूने करकरेंनी वायरलेसवर मदत मागितली होती, मग ती वेळेत का पोहोचली नाही, जखमी अधिकारी गल्लीत इतका वेळ का पडून राहिले, हे त्यांचे प्रश्न. मारियांनी हे आक्षेप ठामपणे फेटाळले. कोण बरोबर, हे ठरवायला मी बसलेलो नाही. मला त्या बाईंची पद्धत दिसते. नवरा गेलाय, आणि त्या एकेका संदेशाची वेळ दुसऱ्या संदेशाशी जुळवत बसल्यात. आम्ही सिस्टिम पडल्यावर लॉग घेऊन बसतो, तसंच. आमच्याकडे जास्तीत जास्त कुणाचा बोनस जातो. त्यांच्याकडे प्रत्येक ओळीत मिनिटं होती, आणि त्या मिनिटांमध्ये कुणीतरी रस्त्यावर पडलेलं होतं. कंट्रोलमधल्या माणसाने वेळ आधी का लिहायची, हे मला तेव्हा कळलं.

डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीत जे घडलं त्यानंतर निर्भया निधी आला आणि त्यातून देशभर 112 उभा राहिला. महाराष्ट्रात तो 2021 पासून आहे. फोन नवी मुंबईतल्या मुख्य केंद्रात किंवा नागपूरच्या दुसऱ्या केंद्रात उचलला जातो, तिथून घटना जिल्ह्याच्या कक्षाकडे जाते आणि तिथला माणूस गाडीतल्या स्क्रीनवर ती पाठवतो. वेळेचे शिक्के आता आपोआप पडतात. गाड्या नकाशावर ठिपक्यांसारख्या सरकतात. ‘हद्द कुणाची?’ हा जुना आजारही थोडा हटला, कारण घाटंजी ठाण्याची असो की पारव्याची, जवळची गाडी दिसते. अंदाजे ठिकाण मोबाइल कंपनीकडून येतं. पण शहरात टॉवर जवळजवळ असतात. आमच्याकडे जंगल, डोंगर आणि दोन टॉवरमध्ये अख्खे पोड. स्क्रीनवर तेव्हा ठिपका नसतो, वर्तुळ असतं. त्या वर्तुळात तीन नाले आणि पाच कडुनिंब.

मला हे आकर्षक वाटतं, नाही कसं म्हणू? एका केंद्रात उचललेला फोन, राज्यभर एकसारखा प्रश्न, कुणाचीही ओळखपाळख न बघता मदत. जातीपातीच्या गावात ही लहान गोष्ट नाही. पाटलाचा माणूस कुणाच्या निरोपासाठी धावायचा आणि कुणाच्या नाही, याची रजिस्टरं कुणी ठेवलेली नाहीत. पण त्या रात्री गाडी पोहोचली ती जिल्ह्याच्या कक्षात बसलेल्या कुणा एकाला म्हसोबाचा नाला माहीत होता म्हणून. तो बदलून गेला की त्याच्याबरोबर तो नालाही जाणार.

गेल्या दिवाळीत मी मामांना मागे बसवून तो रस्ता पुन्हा केला. फोनमध्ये एकेका ठिकाणाचे अक्षांश-रेखांश घेत होतो, मामा नावं सांगत होते. पूल, फाटा, जुनी जिनिंग, कुणाचं तरी शेत. म्हसोबाच्या नाल्यापाशी एक म्हातारा गुरं घेऊन चाललेला. मी खात्री करायला विचारलं, ‘‘बाबा, हाच ना म्हसोबाचा नाला?’’

‘‘तुमच्याकडचे म्हनतात तसं,’’ तो म्हणाला. ‘‘आमी याले सागनाला म्हनतो.’’

मामांनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, ‘‘दोन्ही लिही.’’