तंबूबाहेरचा सिनेमा

चित्रपटाचा इतिहास सांगताना आपली नजर बहुधा पडद्यावरच खिळलेली असते. गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात मात्र सिनेमा आधी कागदावर पोचायचा, पडदा मागाहून यायचा. फिरत्या टॉकीजचा तंबू जत्रेत पडायचा, पण त्याची वर्दी आसपासच्या गावांना देत हिंडायची ती भोंगा बांधलेली गाडी. दोन्ही बाजूंना पोस्टरचे बोर्ड, मागे हँडबिलांसाठी धावणारी पोरे. तिकिटाला पैसे नसलेल्यांनीही हा सिनेमा पाहिलेला असे. त्या कागदांकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहायला वाचकांनी शिकावे, यासाठी ही प्रस्तावना.

आपल्याकडे सिनेमा आणि छपाई यांचे नाते पहिल्यापासूनचे आहे. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तो काढणारे दादासाहेब फाळके त्याआधी छपाईच्या धंद्यातच होते. रविवर्मा छापखान्याशी त्यांचा संबंध आला होता आणि पुढे त्यांनी स्वतःचाही छापखाना काढला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर नाटकांचे पडदे रंगवून हात तयार झालेले चित्रकार. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चे (1924) पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय सचित्र पोस्टरांपैकी एक मानले जाते. त्यांच्याच चित्रपट कंपनीत घडलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम या मंडळींनी 1929 मध्ये ‘प्रभात’ उभी केली, आणि फत्तेलाल हेही मूळचे चित्रकारच. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवून पोट भरत होते. पुढच्या काळात दिवाकर करकरे यांनी ‘वक्त’ (1965) आणि ‘दीवार’ (1975) यांची पोस्टरे केली. ही सारी नावे एका ओळीत ठेवली, की पोस्टर हा सिनेमाचा उपधंदा नसून महाराष्ट्राच्या चित्रकलेचा एक भरभक्कम प्रवाह आहे, हे पटू लागते. त्याचा अभिमान आपण पुरेसा बाळगलेला नाही, असे मला मनापासून वाटते.

पोस्टर वाचायचे कसे? आधी नट-नट्यांवरून नजर काढून कडेला न्या. तळाच्या समासात बारीक अक्षरांत मुद्रकाचे नाव सापडेल. कागदावर आडव्या-उभ्या घड्यांच्या रेघा असतील, तर ते पोस्टर घडी घालून वितरकाकडून पुढे धाडलेले आहे. चार कोपऱ्यांना भोके म्हणजे ते बोर्डावर ठोकलेले; पाठीवर खळीचे पोपडे म्हणजे ते भिंतीवरून सोडवलेले. ही खळ मैदा शिजवून करत आणि किडे लागू नयेत म्हणून तीत मोरचूद घालत. एखाद्या पोस्टरावर ‘आजपासून’ किंवा ‘शेवटचे दोन दिवस’ अशी वेगळ्या कागदाची पट्टी चिकटवलेली दिसेल. तुमच्या दृष्टीने ती चित्राइतकीच मोलाची, कारण चित्र मुंबईत छापले गेले तरी ती पट्टी त्या त्या मुक्कामी लागलेली असते.

मग लिपी पाहा. जुन्या हिंदी चित्रपटांच्या पोस्टरांवर नाव बहुधा नागरी, उर्दू आणि रोमन अशा तीन लिप्यांत असे. मराठवाड्याच्या वाचकाने येथे जरा जास्तच थांबावे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि शाळेतले शिक्षण मुख्यतः उर्दूतून चाले. त्या पिढीतल्या कित्येक मराठी माणसांना पोस्टरवरची उर्दू ओळ सहज वाचता येई. म्हणून पुण्यात आणि बीडमध्ये एकच पोस्टर लागले, तरी ते वाचले जाई वेगवेगळ्या तऱ्हेने. यावर कोणी तरी नीट लिहायला हवे.

पोस्टराखेरीज सिनेमाचा आणखी एक कागद म्हणजे पोस्टकार्ड; त्याची गोष्ट थोडी निराळी. नट-नट्यांची छायाचित्रे छापलेली कार्डे विकली जात. कोणी ती आरशाच्या चौकटीत खोचत, कोणी वहीत जपत. साध्या सरकारी कार्डानेही सिनेमाची सेवा केली. 1952 पासून रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ आणि 1957 पासून विविध भारती सुरू झाली, तशी श्रोत्यांची फर्माईश गावोगावच्या डाकपेट्यांतून निघू लागली. चित्रपटाची जाहिरात प्रेक्षकच करत होता, तीही स्वखर्चाने.

या विषयाची मोठी ठेव पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. 1964 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत पोस्टरे, गाण्यांच्या पुस्तिका आणि छायाचित्रे जपलेली आहेत. तेथे एकदा अवश्य जावे. गावोगावी फिरलेला, पट्टी लागलेला कागद मात्र तुमच्या घरातही असू शकतो: ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला, फडताळाला लावलेला, पोथीला कव्हर म्हणून घातलेला. घर आवरताना असा कागद हाती आला, तर त्याला चिकटपट्टी लावू नका आणि तो पुन्हा नव्याने दुमडू नका. आधी त्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या. मग वेगळ्या चिठ्ठीवर तो कोठे मिळाला, कोणाकडे होता आणि तो तंबू कोणत्या जत्रेत आला होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. सांगणारी माणसे अजून आहेत, तोवर हे काम व्हावे.