तासाचा विक्रम आणि सायकलवरची बैठक

सायकलच्या शर्यतींचा विषय निघाला की फ्रान्सच्या प्रदक्षिणेचे नाव आधी येते. ती प्रदक्षिणा १९०३ साली सुरू करणारे आंरी देग्रांज हे गृहस्थ त्यापूर्वी स्वतःच सायकलपटू होते. ११ मे १८९३ रोजी पॅरिसच्या ब्युफालो धावपट्टीवर त्यांनी बरोबर एक तास सायकल हाकली आणि ३५.३२५ किलोमीटर अंतर तोडले. तासाच्या विक्रमाची वंशावळ तेथून मोजतात. या खेळात शेजारी प्रतिस्पर्धी नाही, चढउतार नाही, वाऱ्याला आडोसा म्हणून पुढच्याची पाठ नाही. माणूस, यंत्र आणि घड्याळ एवढाच सारा संसार. तेव्हा श्रेष्ठ कोण याचा निवाडा यापेक्षा निर्मळपणे होणार नाही, असे जाणकारांस वाटे.

या निर्मळपणाचा मानबिंदू म्हणजे बेल्जियमचा एडी मर्क्स. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको शहरात त्याने ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडले. आधीचा ओले रिटरचा विक्रम त्याने ७७८ मीटरांनी मागे टाकला. पण मर्क्सचे शरीर तेव्हा धड नव्हते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. सप्टेंबर १९६९ मध्ये फ्रान्समधील ब्ल्वा येथे मोटारसायकलीमागून धावण्याच्या शर्यतीत भीषण अपघात झाला. त्याच्या पुढचा मोटारस्वार जागीच ठार झाला आणि मर्क्सच्या कमरेच्या हाडांस इजा झाली. पुढे त्याला सीटवर सुखाची बैठक कधी सापडली नाही. सीटची उंची तो एकसारखी बदलीत राही. शर्यत चालू असतानाही पाना काढून सीट वरखाली करी. फ्रान्सची प्रदक्षिणा आणखी चार वेळा जिंकणारा हा पुरुष रोज आपल्या सायकलशी भांडत होता!

बैठकीचे एवढे महत्त्व का, हे समजून घेतले पाहिजे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. तासाला पन्नास किलोमीटर जाणाऱ्याचे नव्वद टक्क्यांच्या आसपास बळ केवळ हवा सारण्यात खर्ची पडते. त्या विरोधाचा मोठा वाटा सायकलीचा नसून स्वाराच्या छातीखांद्यांचा असतो. म्हणजे पायांत नवे बळ न आणताही, नुसते अंग चोरून बसले तरी वेग वाढतो. मात्र फार वाकले तर गुडघे छातीला लागतात, श्वास कोंडतो. सारी विद्या या ओढाताणीत आहे.

ती विद्या कोणा प्रयोगशाळेने नव्हे, तर स्कॉटलंडच्या ग्रॅम ऑब्रीने उलगडली. दोन्ही हात घडी घालून छातीखाली दडपायचे, अशी बैठक त्याने शोधली. त्यासाठी सायकलही स्वतःच घडवली. गुडघे आपटू नयेत म्हणून वरचा दांडा काढून टाकला, पाय जवळजवळ फिरावेत म्हणून पायडलांमधले अंतर कमी केले, आणि बेअरिंग घातले ते कपडे धुण्याच्या यंत्रातले. जुलै १९९३ मध्ये नॉर्वेतील हामार येथे पहिल्या दिवशी, दुसऱ्याने बांधलेल्या सायकलवर, तो अपयशी ठरला. असल्या प्रयत्नानंतर कोणी आठवडाभर उठत नाही. हा रात्री मुद्दाम भरपूर पाणी पिऊन झोपला. लघवीला जाग आली की उठावे, पाय ताणून मोकळे करावे, पुन्हा निजावे, असा त्याचा बेत! दुसऱ्या दिवशी आपली घरगुती सायकल घेऊन त्याने ५१.५९६ किलोमीटर अंतर कापले आणि मोझेरचा १९८४ चा विक्रम मोडला. सहाच दिवसांनी इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने तोही मोडला.

आंतरराष्ट्रीय सायकल संघाला हे मानवले नाही. १९९४ साली ऑब्रीची बैठक निषिद्ध झाली. त्याने हात पुढे लांबवलेली दुसरी बैठक काढली, १९९५ मध्ये तीवर जागतिक अजिंक्यपद मिळवले. तीही पुढे निषिद्ध झाली. तत्पूर्वी १९९६ मध्ये तीच बैठक घेऊन बोर्डमनने ५६.३७५ किलोमीटरचा पल्ला गाठला होता. मग २००० साली संघाने कमाल केली. मर्क्सनंतरचे सारे विक्रम वेगळ्या यादीत टाकले आणि खरा विक्रम १९७२ चाच, असे जाहीर केले. त्याच वर्षी बोर्डमन जुन्या घडणीच्या सायकलवर बसला आणि मर्क्सच्या पुढे गेला, ते अवघे दहा मीटर.

या दहा मीटरांनी मर्क्सची थोरवी सिद्ध झाली यात संशय नाही. परंतु संघाचा न्याय आम्हांस पटत नाही. मर्क्स तरी मेक्सिकोस का गेला? तेथे हवा विरळ म्हणून. कोल्नागोने त्याला पावणेसहा किलोंची सायकल कशाला करून दिली? शुद्ध माणसाचा शुद्ध विक्रम अशी वस्तू १९७२ मध्येही नव्हती. श्रीमंत संघाने पैसे ओतून केलेली सुधारणा ती प्रगती, आणि बेकार मनुष्याने धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग बसवून केलेली ती लबाडी, असा भेद कागदावर कोठे लिहिलेला नसेल. परंतु ऑब्रीच्या वाट्याला तो आला.

२०१४ साली संघाने नियम पुन्हा सैल केले. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील ग्रेंखेन येथे डॅन बिगम याने ५५.५४८ किलोमीटर अंतर तोडले. हा एका व्यावसायिक संघाचा अभियंता. हवेच्या विरोधाचे गणित मांडणे हीच त्याची नोकरी. दोनच महिन्यांनी त्याच धावपट्टीवर त्याच संघाचा फिलिप्पो गान्ना उतरला आणि ५६.७९२ किलोमीटर जाऊन बिगमला व बोर्डमनच्या १९९६ च्या आकड्यालाही मागे टाकून गेला.