राहून गेलेला वज्रगड

यंदा दिवाळीला विठ्ठलवाडीत आमच्या बिल्डिंगखाली पोरांबरोबर पुरंदर केला. विटा, पोतं, चिखल, वर गेरू, उतारावर अळीव. शेजारचा बुटका वज्रगड जागा नाही म्हणून गाळला. मावळे मांडताना एका पोराने विचारलं, "एवढा उंच किल्ला महाराजांना द्यावा का लागला?" तेव्हा ट्यूब पेटली! एप्रिल १६६५ मध्ये दिलेरखानाने आधी वज्रगडच घेतला आणि तिथून पुरंदरवर तोफा डागल्या. जूनमध्ये तह, २३ किल्ले गेले. प्रशियात राइसवित्झने १८१२ मध्ये राजाला युद्धखेळाचं टेबल दिलं, त्यातही डोंगर-नद्यांचे सुटे तुकडे होते. म्हणजे बघा, आधी जमीन, मग सैनिक. असो. रात्री दोन स्कूटर सरकवून वज्रगड बांधला.