लाल गोळी, परळ आणि किमो



आम्ही रसायनीच्या बाया. १९६० साली हिंदुस्तान ऑर्गेनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढे पाताळगंगेच्या खोऱ्यात तिचा कारखाना उभा राहिला. रसायनांच्या कारखान्यांवरूनच आमच्या भागाला हे नाव पडलं. त्यामुळे ‘केमिकल’ या शब्दाचं आम्हाला नवल नाही. पण घरात कुणाची किमो सुरू झाली, की आमच्याही पोटात गोळा येतो.

मध्यंतरी गटाची बैठक संपली, हप्ते मोजून झाले, तरी एक ताई उठेना. तिच्या दिरांना लिव्हरचा कॅन्सर आहे. ती म्हणाली, “मोबाइलवर आलंय, औषधासोबत साखरेची आणि कोलेस्टेरॉलची गोळी दिली की कॅन्सर आटोक्यात येतो. दोन्ही गोळ्या सासूबाईंच्या डब्यात आहेत. देऊ का?”

आमच्यापैकी कुणाला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. म्हणून आम्ही साध्या गोळ्यांचा आणि किमोचा इतिहास शोधायला बसलो. तो सुरू झाला मुंबईच्या गिरणीकामगार बायांपासून.

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या बाया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडायच्या, कित्येक जणी दगावायच्या. हे का होतं, याचा शोध विल्सबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत राहून घेतला. पाव फुगवायला जे यीस्ट घालतात, त्याचा मार्माइट नावाचा स्वस्त अर्क त्यांनी या बायांना दिला आणि बायांचं रक्त भरून आलं. १९३१ साली त्यांनी हे छापून जगापुढे मांडलं. त्या अर्कातला गुण कशाचा, ते पुढे कळलं. त्याला नाव मिळालं फॉलिक ॲसिड. आज आशाताई गरोदरपणी जी लाल गोळी देते, तिच्यात लोहाबरोबर हेच असतं.

आता हीच गोष्ट कॅन्सरकडे वळते. फॉलिक ॲसिडमुळे शरीरात नवं रक्त वाढतं. अमेरिकेत बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांना दिसलं, की रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांमध्ये त्याने कॅन्सरच्या पेशीही वाढतात. मग त्याच्या उलट काम करणारं, पेशींची ही वाट अडवणारं औषध दिलं तर? असं औषध तयार केलं ते आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने. १९४८ साली फार्बर यांनी कळवलं, की काही मुलांचा आजार त्या औषधाने काही काळ मागे हटला. किमोच्या सुरुवातीच्या औषधांपैकी हे एक. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातलं औषध आजही वापरात आहे आणि ते स्वस्तही आहे.

इथून आपण परत परळला येऊ. हाफकिनपासून जवळच टाटा मेमोरियल रुग्णालय आहे, १९४१ साली सुरू झालेलं. तोंडाचा, घशाचा कॅन्सर बरा होण्यापलीकडे गेला, की तिथले डॉक्टर सलाइनमधून किमो देत. पण त्यासाठी दर खेपेला रुग्णालयात यावं लागे. मग त्यांनी ४२२ रुग्णांवर तुलना केली. निम्म्यांना सलाइनची किमो दिली. बाकीच्यांना घरी घ्यायच्या गोळ्या दिल्या : आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज दोन वेळा सेलेकॉक्सिब. हे सेलेकॉक्सिब म्हणजे सांधेदुखीवर देतात ते साधं औषध. २०२० साली निकाल छापून आला. सलाइनवाल्यांचं आयुष्य साधारण ६.१ महिने, गोळ्यांवाल्यांचं ७.५ महिने. गोळ्यांचा त्रासही कमी झाला. आजार बरा झाला नाही. पण स्वस्त गोळी सलाइनपेक्षा सरस ठरली.

ही बातमी वाचून आम्हालाही वाटलं, मग ताईच्या दिरांना गोळ्या द्यायला काय हरकत आहे? पण लिव्हरची गोष्ट वेगळी निघाली.

लिव्हरच्या कॅन्सरवर नेहमीची किमो फारशी चालत नाही. सोराफेनिब नावाची गोळी आली, पण तिचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. २०१२ साली मुंबईत पेटंट नियंत्रकांनी दुसऱ्या भारतीय कंपनीला ती बनवायची परवानगी दिली आणि किंमत ठरवली सुमारे ८,८०० रुपये. पुढे फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ताईसारखाच विचार केला. कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्या लोकांमध्ये लिव्हरचा कॅन्सर कमी दिसतो, असं आधी आढळलं होतं. म्हणून त्यांनी ३२३ रुग्णांपैकी काहींना नुसतं सोराफेनिब दिलं आणि काहींना सोबत कोलेस्टेरॉलची गोळी. २०१९ साली निकाल आला : १०.५ महिने आणि १०.७ महिने. म्हणजे फरक नाहीच. साखरेच्या गोळीचाही लिव्हरच्या कॅन्सरवर पक्का पुरावा अजून नाही.

म्हणजे एकाच तऱ्हेचा विचार परळला खरा ठरला आणि फ्रान्समध्ये ठरला नाही. रुग्ण मोजून, तुलना करून पाहिल्याशिवाय यातलं काहीच कळलं नसतं.

शिवाय उलटंही होऊ शकतं. सेलेकॉक्सिबने तोंडाच्या कॅन्सरमध्ये साथ दिली, पण लिव्हर फार बिघडलेल्या माणसाला ते घातक ठरू शकतं. तापाची पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर गेली, तर धडधाकट लिव्हरही निकामी होतं. आणि आपली ती लाल गोळी? कॅन्सरसाठी मेथोट्रेक्सेट चालू असताना कुणी ती आपल्या मनाने घेतली, तर औषधाचा जोर कमी होऊ शकतो. दोघांचं नातंच तसं आहे.

म्हणून घरात कॅन्सरचा रुग्ण असेल, तर त्याच्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा. लाज वाटू देऊ नका. आणि लिव्हरच्या कॅन्सरची एक मोठी वाट आधीच बंद करता येते. ती म्हणजे हिपॅटायटिस बी. बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत त्याची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती चुकवू नका.

ताई पुढच्या तपासणीला दिरांबरोबर गेली, तेव्हा सासूबाईंचा डबा तिच्या पिशवीत होता. डॉक्टरांनी एकेक पाकीट उलटून पाहिलं, नावं कागदावर लिहून घेतली आणि म्हणाले, “बरं केलंत, विचारलंत.” डबा जसा नेला, तसाच तिने सासूबाईंना परत दिला.