२५ जून २०१३ : मतदान हक्क कायद्याचा कणा मोडला

अलाबामातील शेल्बी काउंटीच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या मतदान हक्क कायद्यातील कलम ४(ब) पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केले. कृष्णवर्णीयांना मतदानापासून रोखण्याचा इतिहास असलेल्या भागांना निवडणूक नियम बदलण्याआधी या कायद्यानुसार केंद्र सरकारची मंजुरी घ्यावी लागे. अगदी मतदान केंद्र रस्त्यापलीकडे हलवायचे असले तरी. ही सक्ती कोणावर, हे या कलमातील सूत्राने ठरे. नऊ राज्ये पूर्णपणे आणि इतर काही राज्यांतले तालुके-शहरे त्यात येत. सूत्र चाळीस वर्षांपूर्वीच्या आकडेवारीवर बेतलेले आहे, हे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण अंग भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून द्यावी, तसा हा प्रकार असल्याचे न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी भिन्न मताच्या निकालपत्रात सुनावले. या मंजुरीअभावी अडकून पडलेला मतदार ओळखपत्राचा कायदा लागू होत असल्याचे टेक्ससने त्याच दिवशी जाहीर केले. त्यात पिस्तूल बाळगण्याचा परवाना चाले, विद्यापीठाचे ओळखपत्र मात्र नाही. नवे सूत्र ठरवण्याची मुभा न्यायालयाने अमेरिकी संसदेला दिली होती. त्यासाठीची विधेयके सिनेटमध्ये अडली.