कूलर, पण खिडकीतला नव्हे

मे महिन्यात दोन दिवस गावी जाऊन आलो. गाव म्हणजे पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन. मिरचीच्या बाजारामुळे लोकांना माहीत असतं, नाहीतर जालन्यापासून समजावून सांगावं लागतं. कामाचं निमित्त होतं चुलतभावाचा डेस्कटॉप. दिवसा तो त्यावर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो आणि रात्री स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याच खोलीत आजी झोपते. भाऊ म्हणाला, "दादा, हा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो. आजी रात्रभर कूस बदलते, मग मीच बंद करून टाकतो." म्हणजे आजीची झोप नाहीतर भावाचा अभ्यास, दोन्हीपैकी एकच.

"नवा कूलर बसवू" असं म्हटल्यावर आजी म्हणाली, "खिडकीत हाये की कूलर, अजून कशाला?" :) आता तिला काय सांगणार!

पण प्रश्न बरोबर आहे. कंप्युटरला थंड ठेवायची ही भानगड मुळात आली कुठून? तर ती पहिल्यापासूनच आहे. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेला टिफ्रॅक 1960 साली सुरू झाला (नाव मात्र 1962 मध्ये मिळालं). त्यात 2,700 व्हॉल्व्ह होते. एका साध्या व्हॉल्व्हचं फिलामेंट नुसतं तापतं ठेवायलाच दोनेक वॅट लागतात, म्हणजे माझ्या अंदाजी हिशोबाने पाचेक किलोवॅट. खोलीत पाच शेगड्या पेटवून गणितं सोडवायची!

मग ट्रान्झिस्टर आला, चिप आली, आणि घरगुती कंप्युटर बराच काळ गारच राहिला. जुन्या 486 मशीनमध्ये बऱ्याचदा प्रोसेसरवर पंखाच नसायचा. 1993 चा पहिला पेंटियम साधारण 15 वॅट खायचा आणि तिथून पंखा कायमचा बसला. पुढे मेगाहर्ट्‌झची शर्यत लागली. 2000 च्या आसपासच्या एएमडी अॅथलॉनवर तर धातूचं झाकणही नव्हतं. कूलरची क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवायची, हात सटकला की चिपचा कोपरा उडालाच. 2004 मध्ये इंटेलचा प्रेस्कॉट पेंटियम शंभर वॅटच्या वर गेला आणि त्याच वर्षी त्यांनी 4 गिगाहर्ट्‌झचा बेत सोडून दिला. उष्णतेपुढे हात टेकले, दुसरं काय. 2006 चा कोअर टू ड्युओ 65 वॅटवर परत आला.

त्याच 2004 मध्ये एलजीए 775 सॉकेटबरोबर त्या चार प्लॅस्टिकच्या पिना आल्या. दाबायच्या, 'टक' आवाज आला की झालं. बसवायला सोप्या, मदरबोर्ड काढावा लागत नाही. फक्त चारही पिना खरंच बसल्यात का, हे डोळ्यांनी बघावं लागतं. मी दोन वर्षांपूर्वी भावाचं मशीन जोडताना ते बघितलं नव्हतं! कॅबिनेट उघडलं तर एक पिन अर्धवट. कूलर एका बाजूने उचललेला, प्रोसेसर तापणार, पंखा बिचारा जिवाच्या आकांताने फिरणार. म्हणजे आजीच्या झोपेचा खरा गुन्हेगार मीच. (आणि पात्यांत मिरचीची इतकी धूळ की दोघं पाच मिनिटं शिंकत होतो.)

नुसती पिन बसवून भागलं असतं. पण उन्हाळ्यात खोलीच 42 अंश असते, आणि हवेवर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. फरक कमी ठेवणं एवढंच त्याच्या हातात. म्हणून मोठा टॉवर कूलर घ्यायचं ठरवलं, तांब्याच्या नळ्यांचा.

या नळ्या म्हणजे मला मोठी गंमत वाटते. 1963 मध्ये लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हरने हीट पाइप करून दाखवला (कल्पनेचं पेटंट अमेरिकेत 1944 मध्येच कोणीतरी घेतलं होतं). बंद नळी, हवा काढून टाकलेली, आत थोडंसं पाणी. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, गार टोकाला पुन्हा पाणी होतं आणि ते दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं आतल्या अस्तरातून परत येतं. आपला माठच, फक्त पाणी बाहेर न सांडणारा. 65 वॅट वाहून न्यायला मिनिटाला जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम पाण्याची वाफ पुरते!

आवाजाचं गणित वेगळं. पंख्याचा वेग अर्धा केला की आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो, पण हवाही अर्धी होते. ती भरून काढायला पंखा मोठा हवा. 80 मिलिमीटरऐवजी 120 चा घेतला तर एका फेऱ्यात तिपटीहून जास्त हवा सरकते. म्हणून मोठा आणि संथ. ऑस्ट्रियाच्या नॉक्चुआने 2005 पासून याच शांततेवर नाव कमावलंय, पण त्यांची किंमत भावाच्या बजेटमध्ये बसेना. साधा चार नळ्यांचा, एका पंख्याचा टॉवर घेतला. बघितल्या त्या दोनच गोष्टी: उंची कॅबिनेटमध्ये मावते का, आणि पिनांऐवजी मागच्या प्लेटवर स्क्रूने बसतो का. स्क्रूचा त्रास एवढाच की मदरबोर्ड बाहेर काढावा लागला. तासभर गेला. तिरपे तिरपे, थोडे थोडे चारही स्क्रू आवळले. या वेळी टॉर्च लावून बघितलं.

असो. रात्री भाऊ अभ्यासाला बसला. अकराच्या सुमारास आजीने अंधारातून विचारलं, "लाईट गेली का रे?" लाईट होती. खिडकीतल्या कूलरचा आवाज तेवढा येत होता. त्याच्यावर माझ्याकडे इलाज नाही.